उजवा स्पीकर

आमच्या घरात मोठा आवाज करायची परवानगी दोघांनाच होती, अण्णांना आणि त्यांच्या स्पीकरना. बाकी आम्ही, म्हणजे आई आणि मी, भांडं घासतानासुद्धा ते खाली ठेवायचा आवाज होऊ नये म्हणून मोरीत फडकं अंथरायचो. तुम्ही हसाल. पण आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. सगळ्यांच्या मोरीत फडकं असतं असं मला चौथीपर्यंत वाटायचं.

अण्णा म्हणजे माझे वडील. जालन्याच्या एमआयडीसीत एका स्टील मिलमध्ये फोरमन होते. आम्ही राहायला बदनापूरला, आणि ते रोज रेल्वेनं जाऊन-येऊन करायचे. संध्याकाळी फाटकाची कडी वाजली की आई आधी चुलीकडं बघायची, मग माझ्याकडं, मग स्वतःच्या पदराकडं. काय चुकलंय ते शोधायची. काही ना काही सापडायचंच, आणि तिला नाही सापडलं तर अण्णांना सापडायचं.

स्पीकर घरी आले ते साल पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या आसपासचं असेल. मिलमधले एक इंजिनियर साहेब नोकरी सोडून गावाकडं चालले होते. त्यांनी परदेशातून आणलेली ती जोडी आणि सोबतचा टेप जाता-जाता अण्णांना देऊन टाकला. अण्णांनी टेम्पोतून तो सगळा संसार गोधड्यांत गुंडाळून आणला आणि उतरवताना शेजारच्या कुणाला हात लावू दिला नाही. लाकडी खोकी, माझ्या छातीएवढी उंच. पुढं तपकिरी कापडाची जाळी. ती काढली की वर एक छोटा स्पीकर, खाली परातीएवढा मोठा, आणि पार तळाशी एक वाटोळं भोक, माझी मूठ आत जाईल एवढं. मोठ्या स्पीकरच्या मधोमध काळी गुळगुळीत टोपी होती, नारळाच्या वाटीसारखी फुगीर.

आणि मग आमच्या घरात एक तास चांगला यायला लागला. अण्णा मिलमधून आले, आंघोळ केली, की पलंगावर टेकून कॅसेट लावायचे. भजनं, कव्वाल्या, जुनी गाणी, जे असेल ते. कपाळावरच्या आठ्या हळूहळू जायच्या. तो एक तास ते कुणाला हाक मारायचे नाहीत, काही मागायचे नाहीत. स्वयंपाकघरात आई भाकरी थापता-थापता चक्क गुणगुणायची. त्या तासासाठी मी देवाला हात जोडायचे, खरंच. देवा, आज लाईट जाऊ देऊ नको.

पुढच्याच खंडेनवमीला तो तास संपला, आणि तो मी संपवला असं मी पुढची सतरा वर्षं धरून चालले.

खंडेनवमीला आमच्याकडं घरातली हत्यारं-अवजारं पुजतात. विळा, अडकित्ता, शिलाई मशीन, अण्णांचे पाने आणि पक्कड. त्या वर्षी अण्णांनी सकाळी निघता-निघता बजावलं, स्पीकरची पण पूजा झाली पाहिजे, बराबर. आईनं जाळ्या काढल्या, खोकी पुसली, झेंडूचा हार वर ठेवला. पूजा उजव्याची, कारण मान उजव्याचा. डाव्याला नुसतं कुंकवाचं बोट. आई खाली वाकून हळदकुंकू वाहत होती, पुटपुटत होती. माझं तिकडं लक्षच नव्हतं. माझं सगळं लक्ष त्या टोपीवर. आई नैवेद्य आणायला आत गेली आणि मी उजव्याच्या टोपीला बोट लावलं. दाबलं नव्हतं हो, नुसतं लावलं. पुच् असा बारीक आवाज आला आणि टोपी आत गेली. चांगला रुपयाएवढा खड्डा. मी पटकन जाळी बसवून टाकली. आईनं आल्यावर विचारलं, "जाळी कोणी लावली?" मी म्हणाले, "मी लावली, धूळ बसती म्हणून." ती म्हणाली, "शहाणी माझी."

संध्याकाळी अण्णा खुशीत आले. मिलमध्ये मशीनची पूजा झाली होती, पेढे आणले होते. आंघोळ न करताच त्यांनी कॅसेट लावली. ढोलक सुरू झाली आणि उजव्या स्पीकरमधून आवाज यायला लागला, खर्रर्र. ढोलकीच्या प्रत्येक थापेला खर्रर्र. अण्णांनी आवाज कमी केला, वाढवला, तार हलवून बघितली. मग जाळी काढली. खड्डा दिसला.

"कोणी हात लावला ह्याला?"

ते ओरडले नव्हते. अण्णा ओरडायचे तेव्हा एवढी भीती वाटायची नाही. हळू बोलायचे तेव्हा माझे पाय गार पडायचे. मी आईकडं बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, चेहरा पिठासारखा पांढरा. मला वाटलं, माझ्यासाठी घाबरली. मी म्हणाले, "मी." दोन चापट्या बसल्या, एक इकडून, एक तिकडून. मग आईनं मला ओढून आत नेलं आणि असं घट्ट धरलं की मला श्वास घेता येईना. ती माझ्यापेक्षा जास्त थरथरत होती. हे मला तेव्हाही विचित्र वाटलं होतं. पण पोरीच्या डोक्यात अशा गोष्टी किती वेळ राहणार.

त्या दिवसापासून उजव्याची तार काढून ठेवली ती ठेवलीच. अण्णा कधीतरी डावा एकटा लावायचे, पाच-दहा मिनिटं ऐकायचे, आणि वैतागून बंद करायचे. तो तास गेला. कुणी पाहुणा विचारायचा, एकच का वाजतो? अण्णा म्हणायचे, "आमच्या पोरीची कृपा. हिच्या हाताला लागलं ते संपलं." पाहुणे हसायचे. मीही हसायचे, दुसरं काय करणार? पण माझे हात खरोखरच तसे झाले. बटण दाबायची भीती, काचेचा ग्लास उचलायची भीती. शाळेत प्रयोगशाळेत परीक्षानळी हातात दिली की ती माझ्या हातून पडायचीच. पडली की मला वाटायचं, बघ, अण्णा म्हणतात ते बरोबर आहे.

मंग आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा ट्रेड का घेतलास, असं मला पुष्कळ जणांनी विचारलं. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. मला तो उजवा स्पीकर दुरुस्त करायचा होता. बस. अण्णा हसले, म्हणाले, "जा. निदान मोडल्यावर काय मोडलं ते तरी कळंल." मी गेले.

खरं काम शिकले ते मात्र जालन्यात एका चाचांकडं. लग्नाच्या, जलशाच्या लाऊडस्पीकरची दुरुस्ती करायचे. मोठा माणूस, हलका हात. मला म्हणायचे, "डर डर के पकडेगी तो गिरेगाच बेटी. पकड." त्यांच्या दुकानात जुन्या एक्स-रेची चळत असायची. स्पीकरचा कागद म्हणजे कोन बदलताना त्याच्यामागची तारेची गुंडाळी मॅग्नेटच्या खाचेत अगदी मधोमध राहावी लागते. केसाएवढी सरकली तरी घासते, आणि घासली की खरखर. म्हणून चाचा एक्स-रेच्या बारीक पट्ट्या कापून त्या फटीत चारी बाजूंनी खोचायचे, कोन चिकटवायचे, आणि वाळल्यावर पट्ट्या अलगद ओढून घ्यायचे. हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे माझ्या बोटानं गुंडाळी सरकली. म्हणजे मीच. आता तर शास्त्रानुसार सिद्ध झालं.

लग्नानंतर मी जालन्यातच पुढच्या खोलीत माझं काम थाटलं. नवरा एका बियाण्याच्या कंपनीत होता, त्याची काही आडकाठी नव्हती. दोन हजारनंतर लोकांनी जुने मोठे स्पीकर काढून बारके घेतले, आणि ज्यांना जुनेच आवडायचे ते माझ्याकडं यायला लागले. मी कडेचा सडलेला फोम काढून रबराची कड लावायचे, आतले जुने कंडेन्सर काढून चांगले घालायचे, तारा जाड घालायचे. म्हातारे स्पीकर तरण्यासारखे वाजायचे. गावात माझं नाव झालं. पण त्या उजव्या स्पीकरचा विषय मी काढला नाही, आणि अण्णांनीही नाही.

मग अण्णा रिटायर झाले, आणि सहा महिन्यांत त्यांना हार्टचा झटका आला. डॉक्टरनं सांगितलं, जिना नको, मीठ नको, राग नको. जिना आणि मीठ त्यांनी सोडलं.

एक दिवस दुपारी आई एकटीच रेल्वेनं जालन्याला माझ्याकडं आली. ती आयुष्यात कधी एकटी कुठं गेली नव्हती. बसली, पाणी प्याली, आणि म्हणाली, "बाई, ते स्पीकर तेवढे दुरुस्त कर ना."

"एकदम काय आठवलं?"

"दिवसभर घरात असतेत गं. त्यायला ऐकायला कायतरी पाहिजे. न्हाईतर मलाच ऐकत बसतेत. ताट ठेवलं, ऐकतेत. पाणी ओतलं, ऐकतेत. काल म्हणले, तू श्वास लई मोठ्यानं घेती." एवढं बोलून ती हसली. मला ते हसू बघवेना. "मी बोलून बसले त्यायला, पोरगी करून देती म्हणून. हो म्हणले."

जाताना तिनं पिशवीतून एक एक्स-रे काढून दिला. मी नातेवाइकांकडं जुने एक्स-रे मागत असायचे ते तिला माहीत होतं. तिच्या मनगटाचा होता. मी पहिलीत असताना ती न्हाणीत घसरली होती, तेव्हाचा. "घे, तुझ्या कामाला येईल," ती म्हणाली. "मला ठेवून काय करायचाय."

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला घेऊन टेम्पोनं बदनापूरला गेले. अण्णा पलंगावर होते, बारीक झाले होते, पण डोळे तेच. मी उजव्या खोक्याला हात घातला तसे म्हणाले, "परत हात लावून राह्यली? एकदा वाट लावली तेवढं पुरलं न्हाई?" मी मागच्या तारा सोडवत राहिले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "खंडेनवमीच्या आत वाजले पाहिजेत. आणि खरखर आली ना, तर तुला काही म्हणणार न्हाई मी. तू परक्या घरची. जिनं हे दुरुस्तीचं काढलं तिच्याकडं बघतो." आणि त्यांनी आईकडं बघितलं. आई भिंतीकडं बघत होती.

बारा दिवस होते माझ्या हातात.

डावा मी तीन दिवसांत केला. कडेचा फोम बोट लावताच काळा चिकट भुगा होऊन हाताला लागत होता. स्पिरिटनं सगळा पुसून काढला, रबराची कड बसवली, कंडेन्सर बदलले. वाजवला. अहाहा, काय आवाज! ढोलकीवरची बोटं मोजता येतील असा. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मग उजव्याकडं वळले.

जाळी काढली. खड्डा जसाच्या तसा होता. नऊ वर्षांच्या बोटाचा. मी स्टुलावर बसून त्याच्याकडं बघत राहिले आणि सांगते, माझे गाल दुखायला लागले. हो, गाल. नवरा म्हणाला, "अगं, दुसऱ्या कुणाचा असता तर आतापर्यंत चार केले असतेस." खरं होतं. शेवटी मी चिकटपट्टीचा तुकडा त्या खड्ड्यावर दाबून बसवला आणि हळूच ओढला. पुच्. टोपी बाहेर आली. साधी सुरकुती राहिली नाही. सतरा वर्षांचा खड्डा तीन मिनिटांत निघाला! मला एवढा राग आला की ती चिकटपट्टी मी चुरगाळून भिंतीवर फेकली. कुणीतरी त्या वेळी एवढं केलं असतं तर?

पण मी स्वतःला म्हणाले, टोपी नाही, आत गुंडाळी सरकली आहे, खरी गोष्ट तीच आहे. मग मी आईच्या मनगटाचा एक्स-रे कापला. बारीक बारीक पट्ट्या. हाडाचा पांढरा ठसा पट्ट्यांमध्ये वाटला गेला. कोन सोडवला, पट्ट्या खोचल्या, नवी कड बसवली, दोन दिवस वाळू दिलं, पट्ट्या ओढल्या. खोक्यात बसवून स्क्रू आवळले आणि ढोलकीची कॅसेट लावली.

खर्रर्र.

माझ्या हातातून पाना पडला. तोच आवाज, बिलकुल तोच. मी पुन्हा सगळं खोललं. पुन्हा पट्ट्या, पुन्हा चिकटवणं, पुन्हा वाळवणं. चार दिवस गेले. पुन्हा बसवला. खर्रर्र. डोळे मिटले की आई भिंतीकडं बघताना दिसायची. फोनची घंटी वाजली की वाटायचं, अण्णा आहेत. एकदा आईच होती. "झालं का गं?" मी म्हणाले, "होत आलंय." ती म्हणाली, "बरं, बरं," आणि फोन ठेवून दिला. तिकडं खोलीत अण्णा असणार हे मला तिच्या आवाजावरून कळलं.

दोन दिवस उरले तेव्हा मी चाचांना रिक्षात घालून घरी आणलं. आता ते थकले होते, पण कान शाबूत. त्यांनी कोनवर दोन्ही हातांची बोटं पसरून हळूच दाबलं, कान लावला, पुन्हा दाबलं. "घिसता नै है," म्हणाले. "एकदम सेंटर है. तू अच्छा बनायी." मग माझ्याकडं बघितलं. "डब्बे के बाहर बजा के देखी क्या?"

स्पीकर खोक्याबाहेर काढून टेबलावर वाजवून बघायचा, ही आमच्या कामातली पहिली पायरी. दुसऱ्या कुणाचाही स्पीकर आला असता तर मी आधी तेच केलं असतं. इथं मला सुचलंच नाही, कारण दोष कुठं आहे ते मला नऊ वर्षांची असल्यापासून माहीत होतं.

"नहीं देखी," मी म्हणाले.

"क्यों?"

मी स्पीकर काढला, टेबलावर ठेवला, तार जोडली. ढोलक वाजली. स्वच्छ. एक कण खरखर नाही. चाचा हसले. "कोन को कुछ बी नै हुआ था. डब्बा उलटा कर."

खोक्याच्या आत सगळीकडून जाड लोकरीचं अस्तर होतं. तळाशी, त्या वाटोळ्या भोकाजवळ, ते थोडं सुटलं होतं. आम्ही दोघांनी मिळून खोकं आडवं केलं, मग उलटं केलं. आधी काही नाही. चाचांनी थापटलं. मग अस्तराखालून काहीतरी घरंगळलं आणि माझ्या पायाजवळ फरशीवर सांडलं. तांदूळ. तीस-चाळीस दाणे असतील, काही पोखरलेले, सगळ्यांना लाल रंग. सोबत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या.

अक्षता.

मी फरशीवर बसले. आईनं त्या दिवशी वाकून पूजा केली होती. खाली भोक होतं. देवाला वाहतात तशा तिनं त्या भोकात अक्षता वाहिल्या. तिला काय ठाऊक, ते भोक कशाचं! आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ढोलकीच्या थापेला खोक्याचा तळ थरथरला की दाणे उघड्या लाकडावर नाचायचे. खर्रर्र.

मला आधी हसू आलं, मग रडू आलं. माझं बोट नव्हतं! चाचा गोंधळून बघत होते. मी त्यांना काही सांगितलं नाही, नुसते त्यांच्या पाया पडले. मग दाणे एकेक वेचून कागदाच्या पुडीत बांधले. आणि लगेच दुसरी भीती आली. हे अण्णांना कळलं तर? आणि आईला कसं सांगायचं? बिचारीला कळलं की तिच्याच हातून झालं आणि पोरीनं भोगलं, तर ती खचून जाईल. पुडी फेकून द्यावी असंही वाटलं. पण नाही फेकवली. सतरा वर्षांनी एका माणसाला तरी सांगायचं होतं मला की मी नव्हते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोन्ही खोकी बदनापूरला नेली. अण्णा पलंगावर सरळ बसले. नवरा सामान उतरवून रिक्षा स्टँडकडं चहाला गेला, त्याला त्या घरात बसवत नसे. मी तारा जोडल्या. तार दोनदा निसटली. अण्णा बघत होते. आई दारात उभी होती, तिथंच, पूर्वी होती तिथंच.

मी ढोलकीचीच कॅसेट लावली. लावायची तर तीच.

आवाज खोलीभर पसरला. उजव्यातून आणि डाव्यातून, दोन्हीकडून भरून आला. अण्णांनी मान वाकडी करून उजवा कान पुढं केला. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी त्यांच्या कपाळाकडं बघत होते. मग त्यांच्या आठ्या हलल्या आणि एकेक करून गेल्या. त्यांनी डोळे मिटले. हाताची बोटं पलंगाच्या काठावर ठेका धरायला लागली.

मी मागं सरकत-सरकत स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याला टेकून उभी होती. बाहेर आवाज मोठा होता, आत काय बोलतोय ते बाहेर ऐकू जाणार नव्हतं. त्या घरात अण्णा असताना आम्ही दोघी मोकळं बोललो असं पहिल्यांदाच होत होतं. मी पुडी काढली, तिच्या हातावर उघडली. म्हणाले, "आई, हे बघ. उजव्या खोक्यात होते. माझं बोट नव्हतं आई, हे होतं." आणि घाईघाईनं म्हणाले, "तुला काय माहीत असणार, तू पूजा करत होतीस, तुझा काही दोष न्हाई त्याच्यात."

तिनं दाण्यांकडं बघितलं. हे कशाचे, कुठून आले, असं काही विचारलं नाही. आधी दाराकडं बघितलं. मग मूठ मिटली.

"माहीत होतं मला," ती म्हणाली.

"काय?"

"तव्हाच. टेप लावला, आवाज आला, तव्हाच कळलं मला. मी टाकल्या होत्या ना. सकाळीच आतमधून खुळखुळ झाल्ता, मी नंतर हार सारखा करताना." ती अगदी हळू बोलत होती. "मी बोलणार होते. तेवढ्यात तू म्हणली, मी."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तिचा संताप आला, अण्णांचा कधी आला नव्हता एवढा. सतरा वर्षं, आई! परीक्षानळ्या, पाहुणे, माझे हात! मी म्हणाले, "तू मला मार खाऊ दिलास?"

"तू नऊ वर्षांची होतीस," ती म्हणाली. "तुला दोन चापट्या मारून सोडणार, हे मला ठाऊक होतं. मला न्हाई सोडलं असतं, बाई." तिनं उजवं मनगट डाव्या हातानं धरलं. "हे न्हाणीत घसरून न्हाई मोडलं."

तिच्या मनगटाच्या पट्ट्या माझ्या दुकानात टेबलावर पडल्या होत्या. मी स्वतः कापल्या होत्या. राग होता, तो कुठं गेला नव्हता, पण त्याच्या वर काहीतरी येऊन बसलं.

तेवढ्यात बाहेरचा आवाज बंद झाला.

सगळं घर एकदम चिडीचूप. आईनं श्वास धरला. खरोखर धरला, मी शेजारी उभी होते, मला दिसलं. बाहेरून अण्णांचा आवाज आला, हळू.

"काय झाल्तं गं त्याला? खरखर कशाची होती? खोलून बघितलं असशील ना, कोणामुळं झाल्तं?"

आई माझ्याकडं बघत होती. तोच पांढरा चेहरा. आता मला कळलं की तो तेव्हा कुणासाठी होता. तिचे ओठ हलत होते, ती काही बोलत नव्हती, मला काही बोल असंही म्हणत नव्हती. नुसती बघत होती.

मी दारात गेले. अण्णा मान वळवून माझ्याकडं बघत होते.

"माझं बोट, अण्णा," मी म्हणाले. "टोपी दाबली गेल्ती ना, त्यानं गुंडाळी सरकली होती. माझंच होतं."

"मी काय म्हणत होतो?" अण्णा म्हणाले. एवढ्या समाधानानं म्हणाले की मला त्यांची कीव आली. "इतकी वर्षं मी तेच सांगून राह्यलो." त्यांनी पुन्हा बटण फिरवलं आणि ढोलक सुरू झाली.

मी आत आले. आईनं मूठ उघडली. घामानं कुंकू सुटून तिचा तळवा लाल झाला होता. तिनं दाणे मोरीत टाकले, वर तांब्याभर पाणी ओतलं, जोरात ओतलं, आणि हात पदराला पुसले. मग परातीत पीठ घेतलं.

"जेवून जाशील ना?" तिनं विचारलं.

मी जेवून गेले.